रंगाऱ्याची तुरटी व वनस्पतीची पेशी

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी कुलदेवता, घराणी, वसतिगृहे आणि गुणवंत विद्यार्थी यांचा परामर्श घेतला जातो, व तो घेतला जाणे योग्यच आहे. पूर्वजांच्या रंगकामाचा गौरवपर उल्लेखही त्यात असतो. परंतु ते रंगकाम म्हणजे नेमके काय होते, त्यात कोणते ज्ञान साठविलेले होते आणि त्या ज्ञानाचे पुढे काय झाले, याची चर्चा क्वचितच आढळते. यंदा आम्ही त्याच धंद्याच्या एका अपरिचित वाटेविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ही वाट कापडावरून निघून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर गेली आणि तेथे वनस्पतीच्या पेशीचे अंतरंग तिने उघड केले. भावसार व रंगारी कुटुंबांतील जी मुले आज महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकत आहेत, त्यांना आपल्या पणजोबांच्या कढईचा आणि आपल्या प्रयोगवहीचा संबंध कळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. तळोदे हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसलेले आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. जिल्ह्याचे नाव बदलत गेले तरी तळोद्याचे स्थान एकच राहिले : वर डोंगर, खाली काळी जमीन आणि मध्ये बाजार. जुन्या सरकारी ग्रंथांत तळोद्याची ओळख खानदेशातील इमारती लाकडाची मोठी पेठ, रोशा गवताच्या तेलाचे ठिकाण आणि उत्तम बैलगाड्यांचे गाव अशी करून दिलेली आढळते. रंगाचे गाव म्हणून ती कीर्ती फैजपूरची होती; छपाई आणि गडद निळा व तांबडा रंग यांबद्दल फैजपूर प्रसिद्ध होते. तथापि रंगाऱ्यास जे जे लागे त्यातील पुष्कळसे डोंगरातूनच येई. हिरडा, पळसाची फुले, धायटीची फुले, खैराचा कात, लाख ही सारी सातपुड्यासारख्या रानाची देणगी होय. ती रानातून वेचून आणणारे हात भिल्ल व पावरा बांधवांचे होते. आपल्या रंगाचा इतिहास सांगताना हे हात वगळणे आम्हास अन्यायाचे वाटते.

डोंगर हे देत असे, आणि काळी जमीन आल देत असे. आलास आपल्याकडे बारतोंडी असेही नाव आहे. सांप्रतच्या पिढीने हे झाड कुंपणाला पाहिले असेल, परंतु एके काळी ते शेतात पेरले जाई, आणि तेही फळाकरिता नव्हे, तर मुळाकरिता. पेरल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी जमीन खोल खणून मुळे काढीत. त्या मुळांची निवड हेच मोठे कौशल्य. बारीक मुळात रंग अधिक, जाड मुळात अल्प, आणि फार जाड झालेले मूळ तर टाकाऊच समजले जाई. कारण रंग लाकडात नसून सालीत असतो आणि मूळ जाडावले की लाकूड वाढते, साल वाढत नाही. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या शेतकऱ्याने आणि रंगाऱ्याने वनस्पतीच्या अंतर्रचनेविषयी केलेले हे निरीक्षण आजही खरे ठरते.

आलाने कापड रंगविणे हे एका दिवसाचे काम नव्हते. कापड आधी तेल व खार यांत वारंवार भिजवून, मळून, वाळवून घ्यावयाचे; मग त्यास हिरड्याचे पाणी द्यावयाचे; मग तुरटी; आणि त्यानंतर आलाच्या भुकटीत उकळावयाचे. या क्रमातील तुरटी चुकली तर साऱ्या श्रमांवर पाणी पडे. तुरटीवाचून कापड आलात उकळले तर त्यावर मळकट पिवळसर छटा येई आणि ती धुण्यात जाई. तुरटी असली म्हणजे तोच रंग तांबडा होऊन धाग्यास असा चिकटे की कापड फाटले तरी रंग जात नसे. खारव्याचा टिकाऊपणा हा असा होता. आणि तुरटीऐवजी लोखंड दिले, म्हणजे गंजके लोखंड व गूळ पाण्यात कुजवून केलेले काळे पाणी ठशाने लावले, तर त्याच आलातून काळसर रंग निघे. एकाच कापडावर एका ठशाने तुरटी, दुसऱ्याने लोखंड लावून ते एकाच कढईत टाकले, तर बाहेर येताना त्यावर तांबडी फुले व काळ्या रेघा दोन्ही असत. कढई एक, रंग एक, आणि परिणाम दोन. हा चमत्कार आपल्या पूर्वजांस रोजचा होता. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इजिप्तमधील अशाच कामाचे वर्णन पहिल्या शतकात आश्चर्याने केलेले आहे. अशा तुरटीस व लोखंडास आज शास्त्रीय मराठीत रंगबंधक म्हणतात. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. १६६५ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट हुक याने बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखी घरे पाहिली व त्यांस जे नाव दिले त्याचेच भाषांतर आपण आज पेशी असे करतो. परंतु बुचातील घरे रिकामी असतात. जिवंत पेशीत भिंगाखाली पाहू गेल्यास दिसते ते पाण्यात पाणी. भिंग कितीही चांगले असो, ज्या वस्तू सारख्याच पारदर्शक आहेत त्यांतील भेद डोळ्यास कळत नाही. भेद कळण्यास रंग हवा, आणि त्या काळी रंग एकट्या रंगाऱ्यापाशी होता.

म्हणून आरंभीच्या संशोधकांनी जे वापरले ते सारे बाजारातील रंगच होते. हॉलंडच्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक याने १७१४ मध्ये स्नायूंचे तंतू स्पष्ट दिसावेत म्हणून केशर वापरले. हा गृहस्थ मूळचा कापडाचा व्यापारी, ही गोष्ट आम्हास विशेष आवडते. १७३६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चियर एका छापील कापडाच्या कारखानदाराकडे भोजनास गेले असता पानातील डुकराच्या मांसातील हाडे तांबडी दिसली. चौकशी करता कळले की छापलेले कापड स्वच्छ करण्यास कोंडा वापरीत, त्यात मंजिष्ठासारख्या मुळाचा रंग उतरे आणि तो कोंडा डुकरांस घालीत. बेल्चियर यांनी मग कोंबड्यास तेच मूळ मुद्दाम चारून पाहिले, व हाड कसे वाढते याच्या अभ्यासास एक नवे साधन मिळाले. छिप्याच्या घरच्या सांडपाण्यातून शरीरशास्त्राचा एक मार्ग निघाला तो असा. वनस्पतींच्या बाबतीत जर्मनीतील रायखेल याने १७५८ मध्ये तांबड्या रंगलाकडाचा काढा देऊन झाडातील वाहिन्या रंगविल्या, आणि इंग्लंडात जॉन हिल याने १७७० मध्ये लाकडाच्या रचनेवरील ग्रंथाकरिता किरमिजाचा अर्क उपयोगात आणला.

किरमिज म्हणजे मेक्सिकोतील निवडुंगावर वाढणारा किडा. त्याचे आपल्याकडील नाव मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. अमेरिकेचा शोध लागण्यापूर्वी पश्चिम आशियात दुसऱ्याच एका किड्यापासून तांबडा रंग काढीत व त्यास किर्मिझ म्हणत; त्याचे मूळ संस्कृतातील कृमिज या शब्दापर्यंत नेले जाते. इंग्रजांनी १७९५ मध्ये कलकत्त्यास किरमिजाचा किडा आणविला, पण तो हलक्या जातीचा निघाला. रंगाचा व्यापार काही झाला नाही, उलट त्या किड्याने एका जातीच्या निवडुंगाचा मात्र फडशा पाडला. आपली लाखही किड्याचीच. किरमिज, लाख, मंजिष्ठ आणि आल या चौघांचे रंगद्रव्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील आहे. किडा आणि मूळ यांत एकच रसायन सापडावे ही सृष्टीची मौज आहे. परंतु चौघांसही तुरटी लागते, एवढ्यावरून रंगाऱ्याने हे कूळ आधीच ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेशी रंगविणे ही एक हौस होती. १८४९ मध्ये ग्योपर्ट व कोन यांनी पाणवनस्पतीच्या पेशीतील जिवंत रसाचा अभ्यास करताना किरमिजाचा उपयोग केला. त्यापुढील दशकात टेओडोर हार्टिग या वनशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पेशींवर प्रयोग करून पाहिले, आणि त्यांतील काही भाग किरमिज अधिक शोषतात हे त्यास आढळले. १८५८ मध्ये गेर्लाख याने मेंदूचे काप किरमिजाच्या अत्यंत सौम्य द्रवात रात्रभर राहू दिले व सकाळी केंद्रके उठून दिसली. ही गोष्ट विसरण्यामुळे घडली असे सांगतात. आमच्या मते रात्रभर भिजत ठेवल्याने रंग चढतो हे कळण्यास कोणाही रंगाऱ्यास विसरण्याची गरज पडली नसती.

याहूनही बोलके उदाहरण पुढचे आहे. मेक्सिकोच्या कांपेचे भागात एक झाड होते. त्याच्या गाभ्यातील लाकडापासून युरोपातील रंगारी काळा व जांभळा रंग काढीत. १८६३ मध्ये वाल्डायर याने त्या लाकडाच्या नुसत्या अर्काने पेशी रंगविण्याचा यत्न केला. रंग नीट बसला नाही. १८६५ मध्ये बोमर याने त्याच अर्कात तुरटी घातली आणि केंद्रक निळे-जांभळे होऊन स्पष्ट दिसले. पुढे १८९२ मध्ये हायडेनहाइन याने तुरटीच्या ऐवजी लोहयुक्त तुरटीचे पाणी आधी देऊन मग रंग दिला. तेव्हा केंद्रकातील सूक्ष्म तंतू काळेभोर उमटले. तुरटीने एक रंग, लोखंडाने दुसरा, आणि आधी रंगबंधक, मागून रंग : फैजपूरच्या कढईतील क्रम जसाच्या तसा प्रयोगशाळेत गेला. फरक इतकाच की कापडाच्या जागी पेशी आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्ही कर्तव्य समजतो. आपल्या पूर्वजांस पेशी ठाऊक होती, किंवा विज्ञानाने हे सारे आपल्यापासून चोरले, असा अर्थ या साम्यातून कोणी काढू नये. अशी विधाने सभांतून टाळ्या मिळवितात, परंतु ती खरी नव्हेत. युरोपातील संशोधकांनी तुरटीचा धडा घेतला तो युरोपातील रंगाऱ्यांच्या परंपरेतून. ती परंपरा व आपली परंपरा या बहिणी होत. आपल्या पूर्वजांचे खरे श्रेय असे की रंग आणि वस्तू यांच्यामध्ये तिसरे काही असावे लागते, हे त्यांनी हजारो हात कापडावर पडताळून पाहिले होते. तुरटीतील ॲल्युमिनियम एका हाताने धाग्यास अथवा केंद्रकास आणि दुसऱ्या हाताने रंगास धरते, हे स्पष्टीकरण पुढे रसायनशास्त्राने दिले. केंद्रकातील आम्लद्रव्य ऋणभारित असते, तुरटीसह झालेला रंग धनभारित. म्हणून तो पेशीच्या इतर भागांस सोडून केंद्रकाकडे धाव घेतो.

याच रंगविण्यातून जीवशास्त्राची परिभाषाही घडली. फ्लेमिंग याने पेशी दुभागताना केंद्रकात रंग घेणारे जे द्रव्य पाहिले त्यास रंगवाचक ग्रीक नाव दिले, आणि १८८८ मध्ये वाल्डायर याने, म्हणजे ज्याचा रंग १८६३ मध्ये बसला नव्हता त्याच गृहस्थाने, त्या सूत्रांना क्रोमोसोम म्हटले. त्याचा शब्दार्थ रंगीत काया असा आहे. मराठीत आपण गुणसूत्र म्हणतो. अर्थाने तो शब्द सरस आहे, पण त्यात रंगाऱ्याची खूण पुसली गेली.

इकडे हे घडत असताना तिकडे आपल्या धंद्यावर कुऱ्हाड पडत होती. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कोयनेल बनविण्याच्या प्रयत्नात डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी मंजिष्ठवर्गातील मुळाचा तांबडा रंग, अॅलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केला आणि १८६९ च्या जून महिन्यात जर्मन कंपनी व पर्किन यांनी लंडनला एका दिवसाच्या अंतराने त्याच्या कृतीचे हक्क मागितले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. फ्रान्समधील रंगमुळांची शेते ओस पडली, तशीच खानदेशातील आलाचीही. तीन वर्षे जमीन अडवून, खणून, निवडून, कुटून जो तांबडा रंग मिळे तो आता डब्यातून काही आण्यांत मिळू लागला. १८९६ मध्ये मुंबई इलाख्यातील रंगकामाविषयी फॉसेट नावाच्या अधिकाऱ्याने पुस्तक लिहिले, तेव्हा विलायती रंगाने देशी रंगास मागे सारलेले होते. आपल्यातील कोणी कापडाचे दुकान धरले, कोणी शिवणकाम, कोणी नोकरी. कढया मोडीत गेल्या.

त्या कृत्रिम रंगांच्या एका मोठ्या वर्गास ॲनिलीन रंग म्हणतात. हे नाव कोठून आले? १८४० च्या सुमारास निळीचे ऊर्ध्वपातन करून ते द्रव्य मिळविले होते, व पोर्तुगीजांचा निळीसाठीचा शब्द त्यास दिला. तो शब्द अरबीमार्गे आपल्या नीली या संस्कृत शब्दातूनच गेलेला. ज्या वर्गाने रंगाऱ्याचे अन्न काढून घेतले त्याच्या नावातही रंगाऱ्याचीच नीळ आहे.

तरीही त्या रंगांस केवळ दूषण देणे आम्हास रुचत नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचे जंतू दाखविले ते कृत्रिम रंगांच्याच साह्याने. आणि क्षयाने आपल्या किती घरांतील माणसे नेली हे वडीलधाऱ्यांस विचारावे. आज महाविद्यालयात खोडाच्या छेदात लाकडी वाहिन्या तांबड्या करण्यास जे सॅफ्रानीन वापरतात तेही कृत्रिम आहे, नाव तेवढे केशराचे. मात्र नैसर्गिक रंग प्रयोगशाळेतून गेले नाहीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कांद्याच्या मुळाच्या टोकातील गुणसूत्रे पाहण्यास विद्यार्थी ॲसिटोकार्माईन वापरतात. तो किरमिजच होय. १९२१ मध्ये बेलिंग याने परागकणांच्या मातृपेशींतील गुणसूत्रे मोजण्यास ही रीत प्रसिद्ध केली, आणि तीत किंचित लोखंड मिसळले की रंग गडद होतो हेही दाखविले. त्यासाठी गंजक्या सुईने काप चाळविण्याची युक्ती चालत आली आहे. १९४१ मध्ये ला कूर याने प्रचारात आणलेले ऑर्सीन दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून काढीत. आणि कांपेचेच्या लाकडातील रंगास आजही व्यवहार्य असा कृत्रिम पर्याय झालेला नाही. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरविण्याकरिता रुग्णालयात जी काचपट्टी करतात तिच्यावरील केंद्रकांचा निळा-जांभळा रंग हा एका झाडाच्या गाभ्याचा व तुरटीचा रंग असतो. आपल्या समाजात ज्या कुटुंबाने अशा अहवालाची वाट पाहत रात्री काढल्या आहेत त्यांना हे वाचून काय वाटेल ते आम्ही सांगू शकत नाही.

कांपेचेच्या त्या झाडाचा एक भाऊबंद भारतात होतो, तो पतंग. दोहोंतील रंगद्रव्यांत रचनेचा अंतर अगदी थोडा आहे, आणि पतंगवर्गातील रंगानेही तुरटी अथवा लोखंडासह केंद्रके रंगविता येतात हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून शास्त्रज्ञांस ठाऊक आहे. म्हणून तळोद्याच्या विद्यार्थ्यास महागडी बाटली मिळाली नाही तरी त्याने हात टेकू नयेत. पतंगाच्या ढलप्या उकळून काढा गाळावा व काही दिवस हवेत राहू द्यावा, म्हणजे तो मुरून गडद होतो. मग त्यात तुरटी विरघळवावी. कांद्याचा पातळ पापुद्रा आधी मद्यार्क व ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात गुरुजनांच्या देखरेखीखाली ठेवून, धुऊन, या रंगात काही तास भिजवावा. लाखेचा रंगही तुरटीसह असाच पडताळून पाहावा. हळद सोपी, परंतु तिचा रंग उजेडात उडतो हे आपल्या घरी सांगावयास नकोच. तिची खरी शोभा निळ्या-जांभळ्या प्रकाशात, कारण त्या प्रकाशाखाली ती स्वतः चमकते. निळीच्या मागे मात्र लागू नये. ती पाण्यात विरघळत नाही. पिपात आंबवून तिचे रूप पालटावे लागते आणि हवेत येताच ती धाग्यात पुन्हा घट्ट बसते. कापडास जो गुण, तोच येथे अडथळा.

राहिला आल. त्याच्या मुळातील द्रव्य अँडरसन याने १८४८ मध्येच वेगळे काढले आणि झाडाच्या शास्त्रीय नावावरून त्यास मोरिंडीन म्हटले. ते किरमिजाच्या कुळातील असून तुरटी व लोखंड दोन्ही घेते. तेव्हा वनस्पतीच्या पेशीवर ते पद्धतशीरपणे तपासून पाहण्याजोगे आहे, आणि हे काम खानदेशातील विद्यार्थ्याने केले तर आम्हास विशेष आनंद होईल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात वनस्पतिशास्त्र शिकविणारी महाविद्यालये आता तालुक्याच्या गावीही आहेत, आणि बारतोंडीचे झाड दूर शोधावे लागत नाही. हल्ली त्याच्या फळाचा रस नोनी या परदेशी नावाने बाटल्यांत भरून औषध म्हणून चढ्या दराने विकला जातो. मुळाची आठवण विकणाऱ्यास नाही आणि घेणाऱ्यासही नाही.

अशा तपासणीस एक गोष्ट लागेल व ती ग्रंथांत पुरती मिळणार नाही. बारीक, मध्यम व जाड मुळांस आपल्या घरांत कोणती नावे होती, कोणत्या मुळास किती तुरटी घेत, धायटीची फुले केव्हा टाकीत, कापड कितव्या उकळीस बाहेर काढीत, हे ज्या वृद्धांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असेल त्यांनी ते नातवंडांकरवी लिहून ठेवावे. कोणाच्या माळ्यावर ठसे, जमाखर्चाच्या वह्या किंवा रंगाच्या कृतींचे कागद असतील तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. मोडीत लिहिलेले असल्यास वाचून देणारे अद्याप आहेत.